गव्हर्नर इव्हान्स आणि सँड क्रीक: एकाच माणसाकडे दिलेल्या दोन जबाबदाऱ्या

कोलोरॅडोचे गव्हर्नर जॉन इव्हान्स यांनी सँड क्रीकवरच्या हल्ल्याचा हुकूम दिला नव्हता. हल्ला झाला तेव्हा ते कोलोरॅडोत नव्हतेच. नोव्हेंबर १८६४ च्या मध्यालाच ते डेन्व्हर सोडून वॉशिंग्टनकडे निघाले होते. हल्ला होणार हे त्यांना आधी ठाऊक होतं, असा पुरावा दीडशे वर्षांत कुणालाही सापडलेला नाही. तरीही २९ नोव्हेंबर १८६४ रोजी सँड क्रीक या ओढ्याकाठी शायेन आणि अरापाहो या मूलनिवासी जमातींच्या लोकांची अमेरिकन सैनिकांकडून कत्तल झाली आणि पुढच्या आठ महिन्यांत इव्हान्स यांचं गव्हर्नरपद गेलं. २०२३ मध्ये त्यांच्या नावाच्या पर्वताचंही नाव बदललं. जिथे आपण नव्हतो त्या गोष्टीची इतकी मोठी जबाबदारी एखाद्यावर कशी येते, हे समजायचं तर त्या एका दिवसापेक्षा आधीची अडीच वर्षं पाहावी लागतात. त्याहीपेक्षा ते ज्या पदावर बसले होते त्याची रचना पाहावी लागते.

पद

अमेरिकेत राज्याचा दर्जा मिळण्याआधी एखादा प्रदेश ‘टेरिटरी’ म्हणून केंद्राच्या ताब्यात असे. आपल्या केंद्रशासित प्रदेशाशी त्याचं थोडंफार साम्य आहे. तिथला गव्हर्नर लोक निवडत नसत, राष्ट्राध्यक्ष नेमत. प्रदेशातले गोरे पुरुष स्थानिक विधिमंडळ निवडत आणि काँग्रेसमध्ये एक प्रतिनिधी पाठवत, पण त्याला मताचा हक्क नसे. साहजिकच अशा प्रदेशातल्या प्रत्येक महत्त्वाकांक्षी माणसाची नजर एकाच गोष्टीकडे असे: हा प्रदेश राज्य कधी होणार. राज्य झालं की दोन सिनेटर, एक निवडून आलेला गव्हर्नर, न्यायाधीश, कंत्राटं, सगळंच खुलं होणार.

कोलोरॅडो टेरिटरी २८ फेब्रुवारी १८६१ च्या कायद्याने निर्माण झाली. त्याच कायद्याने गव्हर्नरला आणखी दोन कामं जोडून दिली. तो प्रदेशाच्या मिलिशियाचा, म्हणजे स्थानिक नागरिकांच्या फौजेचा, सरसेनापती असेल आणि इंडियन (म्हणजे अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या) व्यवहारांचा सुपरिंटेंडेंट, म्हणजे अधीक्षकही, तोच असेल. त्या काळात अशी जोडणी नवी नव्हती. सरहद्दीवर अधिकारी कमी आणि पैसा त्याहून कमी, म्हणून एकाच माणसावर जमेल तेवढं लादायचं.

गव्हर्नर म्हणून त्याने वस्ती वाढवायची, खाणी, शेती आणि रस्ते उभे करायचे. या सगळ्याला जमीन लागते. सुपरिंटेंडेंट म्हणून त्याने त्याच जमिनीवर राहणाऱ्या मूलनिवासींशी झालेले तह पाळायचे, त्यांना ठरलेला माल वेळेवर पोचवायचा आणि गोऱ्यांपासून त्यांचं रक्षण करायचं. मिलिशियाचा प्रमुख म्हणून दोन्ही बाजूंत ठिणगी पडली तर बंदुका त्याच्याच हाती. त्यात वरचे साहेबही वेगवेगळे. टेरिटरींचा कारभार तेव्हा परराष्ट्र खात्याकडे होता, इंडियन व्यवहार अंतर्गत (इंटिरियर) खात्याकडे, आणि नियमित फौज युद्धखात्याकडे. काही बिघडलं की प्रत्येकाला दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवता यावं, अशी ही सोय होती.

पहिले गव्हर्नर विल्यम गिल्पिन यांनी या पदाचा एक धोका लगेच दाखवून दिला. यादवी युद्ध सुरू झाल्यावर त्यांनी परवानगी न घेता केंद्राच्या तिजोरीवर पावणेचार लाख डॉलरच्या आसपास हुंड्या काढल्या आणि एक पलटण उभी केली. पलटण कामी आली. मार्च १८६२ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या ग्लोरिएटा खिंडीत तिने दक्षिणेच्या फौजेला मागे लोटलं. हुंड्या मात्र वटल्या नाहीत, व्यापारी बोंब मारू लागले आणि गिल्पिन यांना घरी पाठवलं गेलं. त्या जागी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी इव्हान्स यांना नेमलं.

माणूस

इव्हान्स यांच्याकडे पाहून पुढे काय होणार याचा अंदाज कुणी बांधला नसता. जन्म १८१४ चा, ओहायोत, युद्ध आणि हिंसा निषिद्ध मानणाऱ्या क्वेकर पंथातल्या घरात. शिक्षण वैद्यकाचं. इंडियानात असताना मनोरुग्णांसाठी सरकारी रुग्णालय उभं राहावं म्हणून त्यांनी चळवळ केली आणि त्याचे ते पहिले अधीक्षक झाले. मग शिकागोच्या रश मेडिकल कॉलेजात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक. कॉलरा एका माणसाकडून दुसऱ्याकडे पसरतो, हे मत बहुतेक डॉक्टर मानत नसत तेव्हा त्यांनी ते ठामपणे मांडलं. दरम्यान ते मेथडिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथात गेले होते. शिकागोत जमिनीच्या आणि रेल्वेच्या व्यवहारांत त्यांनी भरपूर कमावलं आणि नगर परिषदेवरही निवडून आले. १८५१ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाला सनद मिळाली. त्याच्या संस्थापकांत ते होते आणि विश्वस्त मंडळाचे अध्यक्षही. विद्यापीठाभोवती वसलेल्या गावाला त्यांच्यावरूनच इव्हान्स्टन हे नाव पडलं.

म्हणजे डॉक्टर, शिक्षणप्रेमी, गुलामगिरीचे विरोधक, रिपब्लिकन पक्षाचे आणि लिंकन यांचे समर्थक. अशा चरित्राच्या माणसाबद्दल वाचताना ‘सज्जन माणूस परिस्थितीत अडकला’ असं म्हणावंसं वाटतं. मला ते पटत नाही. १८६१ मध्ये त्यांना वायव्येला प्रशांत किनाऱ्यावर असलेल्या वॉशिंग्टन टेरिटरीचं गव्हर्नरपद देऊ केलं होतं. ते फार लांब म्हणून त्यांनी नाकारलं आणि पुढच्या वर्षी कोलोरॅडोचं घेतलं. इथे रेल्वे येणार होती. जुलै १८६२ मध्ये पॅसिफिक रेल्वेचा कायदा झाला, आणि युनियन पॅसिफिक कंपनी उभी करण्यासाठी नेमलेल्या आयुक्तांत इव्हान्स यांचं नाव होतं. याच कायद्यात एक वाक्य होतं: रेल्वेला लागणाऱ्या जमिनींवरचे इंडियन लोकांचे हक्क सरकार शक्य तितक्या लवकर संपुष्टात आणेल. ते हक्क सांभाळण्याची जबाबदारी ज्याच्यावर होती, तोच ते संपवून उभ्या राहणाऱ्या कंपनीच्या आयुक्तांत होता. तेव्हाच्या नियमांत हे बसत होतं.

जमिनीचा पेच

१८५१ च्या फोर्ट लॅरमी तहाने नॉर्थ प्लॅट आणि आर्कान्सा या नद्यांमधला विस्तीर्ण प्रदेश शायेन आणि अरापाहो लोकांचा म्हणून मान्य केला होता. आजचं डेन्व्हर याच प्रदेशात येतं. १८५८–५९ मध्ये पाइक्स पीक या शिखराच्या परिसरात सोनं सापडल्याची बातमी पसरली आणि हजारो लोक आले. तह कागदावर राहिला. मग फेब्रुवारी १८६१ मध्ये फोर्ट वाइज इथे नवा तह झाला. त्यात आर्कान्सा नदीच्या उत्तरेला सँड क्रीकभोवतीचा एक छोटा, कोरडा तुकडा त्यांच्यासाठी राखून बाकी सगळं सरकारने घेतलं. शायेनांच्या फक्त सहा प्रमुखांनी त्यावर खूण केली होती. त्यांच्यात एका प्रमुखाने इतरांची जमीन देऊन टाकण्याची पद्धत नव्हती. बहुसंख्य शायेनांनी, विशेषतः डॉग सोल्जर या लढवय्या गटाने, हा तह कधीच मानला नाही.

इव्हान्स मे १८६२ मध्ये डेन्व्हरला पोचले तेव्हा अडचण हीच होती. सरकारच्या मते जमीन मिळालेली होती, लोकांच्या मते ती गेलेली नव्हती, आणि बायसनचे (अमेरिकन रानगव्यांचे) कळप जिथे जातील तिथे शिकारीला जाणं हा त्यांच्या जगण्याचा भाग होता. ऑक्टोबर १८६३ मध्ये कोनेहोस इथे इव्हान्स यांनी यूट लोकांच्या एका गटाशी तह करून बरीच जमीन सोडवून घेतली. लिंकन यांचे खासगी सचिव जॉन निकोले त्यासाठी मुद्दाम आले होते. मैदानी टोळ्यांच्या बाबतीत मात्र जमलं नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी शायेन आणि अरापाहो प्रमुखांना बोलणीसाठी बोलावलं, आणि कुणीही आलं नाही.

इथून त्यांचा सूर बदललेला दिसतो. मैदानातल्या सगळ्या टोळ्या एकत्र येऊन वसंतात मोठं युद्ध पुकारणार आहेत, अशी खबर त्यांना एकाकडून मिळाली आणि ती त्यांनी खरी धरली. वॉशिंग्टनला फौज मागणारी पत्रं जाऊ लागली. त्यांनी हे सगळं बनावट रचलं असं म्हणता येणार नाही. भीती खरी होती. पण बोलणीला कुणी आलं नाही याचा अर्थ ‘युद्धाची तयारी चालू आहे’ असाच लावायचा, हे त्यांनी ठरवलं होतं. सुपरिंटेंडेंटचं काम उलट होतं: का आले नाहीत ते शोधणं.

१८६४ चा उन्हाळा

एप्रिलपासून चकमकी सुरू झाल्या, काही चोरीला गेलेल्या गुरांच्या तक्रारींवरून. १६ मे रोजी लीन बेअर हे शायेन प्रमुख सैनिकांच्या एका तुकडीला भेटायला पुढे गेले. छातीवर वॉशिंग्टनहून मिळालेलं पदक होतं, हातात सरकारी कागद होते. आदल्या वर्षी ते व्हाइट हाउसमध्ये लिंकन यांना भेटून आले होते. सैनिकांनी त्यांना तिथेच गोळ्या घातल्या. ११ जूनला डेन्व्हरपासून काही तासांच्या अंतरावर हंगेट या गोऱ्या कुटुंबाची हत्या झाली. आई-वडील आणि दोन लहान मुली. त्यांची छिन्नविच्छिन्न शरीरं डेन्व्हरला आणून लोकांना पाहण्यासाठी ठेवली गेली. त्याआधी महिनाभरच चेरी क्रीकच्या पुराने शहराचा बराच भाग धुऊन नेला होता. घाबरलेलं आणि संतापलेलं गाव आता सूड मागू लागलं.

२७ जून रोजी इव्हान्स यांनी जाहीरनामा काढला. मैदानातल्या स्नेही इंडियनांनी युद्धखोरांपासून वेगळं व्हावं आणि ठरलेल्या ठिकाणी यावं. तिथे त्यांना अन्न मिळेल, संरक्षण मिळेल. आर्कान्साकडच्या शायेन आणि अरापाहोंसाठी ठिकाण होतं फोर्ट लायन हा लष्करी किल्ला. सुपरिंटेंडेंट या नात्याने केलेलं त्यांचं हे सगळ्यात योग्य काम. पण अशा निरोपाला शेकडो मैलांवरच्या शिकारी छावण्यांपर्यंत पोचायला वेळ लागतो, विश्वास बसायला त्याहून जास्त. तेवढा वेळ कुणालाच द्यायचा नव्हता. ऑगस्टच्या सुरुवातीला प्लॅट नदीच्या वाटेवर शायेन आणि सू जमातींच्या लढवय्यांनी मालवाहू ताफ्यांवर आणि शेतघरांवर हल्ले केले, माणसं मारली, बायका-मुलं पळवली. डेन्व्हरची टपाल आणि रसद तुटली, पिठाचे भाव कडाडले.

११ ऑगस्टला दुसरा जाहीरनामा निघाला. कोलोरॅडोच्या सगळ्या नागरिकांना, एकेकट्याने किंवा गट करून, शत्रू इंडियनांचा पाठलाग करण्याची आणि दिसतील तिथे त्यांना ठार करण्याची मुभा. त्यांची मालमत्ता हाती लागली तर ती ज्याची त्याला. जे आधीच्या बोलावण्याला मान देऊन येतील त्यांना वगळावं, असं त्यात होतं. पण घोड्यावरून दुरून दिसणारा माणूस स्नेही आहे की शत्रू, हे ठरवायचं कुणी, याबद्दल एक अक्षर नव्हतं. त्याच दिवसांत युद्धखात्याने शंभर दिवसांसाठी एक घोडदळ उभारायला परवानगी दिली. हीच तिसरी कोलोरॅडो रेजिमेंट. शंभर दिवस, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीस, डिसेंबरच्या सुरुवातीला मुदत संपणार. आठवडे गेले तरी लढाई झाली नाही तेव्हा गावात या पलटणीला ‘रक्त न सांडलेली’ म्हणून हिणवलं जाऊ लागलं.

आणि याच उन्हाळ्यात निवडणूक होती. कोलोरॅडोला राज्याचा दर्जा द्यावा का, यावर सप्टेंबरात मतदान व्हायचं होतं. इव्हान्स सिनेटच्या जागेसाठी उभे होते आणि काँग्रेसच्या जागेसाठी जॉन चिव्हिंग्टन: मेथडिस्ट पाद्री, ग्लोरिएटाचे नायक, आता कोलोरॅडो जिल्ह्याचे लष्करी प्रमुख. दोघे एकाच पक्षाचे, एकाच चर्चचे. त्याच वर्षी मार्चमध्ये स्थापन झालेल्या कोलोरॅडो सेमिनरीच्या (आजचं डेन्व्हर विद्यापीठ) विश्वस्त मंडळावरही दोघे होते. विरोधक म्हणत, राज्याचं हे खूळ पदांसाठी आहे. प्रचार इतका चिघळला की इव्हान्स यांनी उमेदवारी मागे घेतली, तरी मतदारांनी राज्याचा प्रस्ताव मोठ्या फरकाने फेटाळला. इंडियन युद्धाची भीती या प्रचारात सतत घोळत होती.

कॅम्प वेल्ड, २८ सप्टेंबर

या प्रकरणात एकच दिवस निवडायचा तर मी कत्तलीचा नव्हे, हा दिवस निवडेन.

जूनच्या जाहीरनाम्याला उत्तर आलं होतं. उशिरा, पण आलं होतं. ऑगस्टच्या शेवटी शायेनांचे शांतताप्रिय प्रमुख ब्लॅक केटल यांनी फोर्ट लायनला पत्र पाठवलं: आम्हाला शांतता हवी, आमच्याकडे कैदी आहेत, तुमच्याकडेही आहेत, बोलू या. किल्ल्याचे प्रमुख मेजर एडवर्ड विनकूप सव्वाशेच्या आसपास सैनिक घेऊन स्मोकी हिलकडे गेले. हजारांच्या जमावापुढे मूठभर माणसांनी जायचं, म्हणजे जीव धोक्यात घालणंच. ते चार गोरे कैदी सोडवून परत आले आणि सात प्रमुखांना डेन्व्हरला घेऊन आले. बैठक झाली ती तिथल्या कॅम्प वेल्ड या लष्करी छावणीत.

विनकूप यांनी पुढे शपथेवर जे सांगितलं ते वाचताना आजही अंगावर येतं. त्यांच्या साक्षीनुसार इव्हान्स यांनी आधी भेटायचंच टाळलं. यांना आणलंच का, असा सूर होता. मी वॉशिंग्टनला धोका किती मोठा आहे हे सांगून पलटण मंजूर करून घेतली. आता समेट केला तर मी खोटं सांगितलं असं वाटेल, असं इव्हान्स म्हणाले. मग पुन्हापुन्हा एकच प्रश्न: तह केला तर तिसऱ्या रेजिमेंटचं काय करू? ती इंडियनांना मारायला उभी केली आहे, तिने इंडियनांना मारलंच पाहिजे.

साक्ष एका माणसाची आहे, आणि त्या माणसाला नंतर इव्हान्स यांचा राग होता, हे मान्य. पण बैठकीचं टिपण उपलब्ध आहे, आणि त्यातला सूर या साक्षीशी जुळतो. ब्लॅक केटल म्हणाले, आम्ही डोळे मिटून, आगीतून यावं तसे मेजरच्या मूठभर माणसांमागे आलो आहोत. आम्हाला आमच्या लोकांना चांगली बातमी न्यायची आहे. इव्हान्स यांनी उत्तरात आधी आदल्या वर्षीच्या बोलावण्याला तुम्ही आला नाहीत याची आठवण दिली. मग म्हणाले: तुम्हाला लढाईला सोयीचा काळ उन्हाळा, मला हिवाळा, आत्तापर्यंत तुमचं पारडं जड होतं, आता माझी वेळ येते आहे. तह करणं आता माझ्या हातात नाही, ते लष्कराच्या हातात आहे. शेवटी चिव्हिंग्टन बोलले: जे शस्त्र खाली ठेवून लष्करी अधिकाराला शरण येतील त्यांच्याशी मी लढत नाही, तयार व्हाल तेव्हा मेजर विनकूपकडे जा.

प्रमुखांनी याचा एकच अर्थ घेतला: फोर्ट लायनला गेलो तर आपण सुरक्षित. आणि त्याच दिवशी चिव्हिंग्टन यांचे वरिष्ठ जनरल सॅम्युअल कर्टिस यांची तार आली होती, की इंडियनांना आणखी त्रास सोसावा लागल्याखेरीज मला शांतता नको.

दुसऱ्या दिवशी इव्हान्स यांनी फोर्ट लायनच्या एजंटला (सुपरिंटेंडेंटच्या हाताखालच्या अधिकाऱ्याला) लिहिलं: त्या प्रमुखांच्या मनावर नीट ठसवा, की माझं बोलणं फक्त त्यांचं मत जाणून घेण्यासाठी होतं, काही देऊ करण्यासाठी नव्हे. हे पत्र मला ११ ऑगस्टच्या जाहीरनाम्यापेक्षा जास्त बोलकं वाटतं. जाहीरनामा घबराटीत निघाला होता असं म्हणता येतं. हे पत्र शांतपणे, बैठकीनंतर रात्र उलटल्यावर लिहिलेलं आहे. स्वतःच बोलावलेल्या माणसांना त्यांनी परत पाठवलं आणि त्यांच्या संरक्षणाची जबाबदारी झटकल्याचा लेखी पुरावा तयार करून ठेवला. सुपरिंटेंडेंटच्या पदावर असताना ‘युद्ध चालू आहे, म्हणून हा विषय माझा नाही’ हे म्हणणं कायद्यात बसत असेलही. पण मग त्या पदाचा उपयोग नेमका केव्हा?

पुढचे दोन महिने

ब्लॅक केटल यांचे लोक फोर्ट लायनजवळ येऊन राहिले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला विनकूप यांच्या जागी मेजर स्कॉट अँथनी आले. त्यांनी वस्तीला सँड क्रीककडे जायला सांगितलं. २९ नोव्हेंबरच्या पहाटे चिव्हिंग्टन साडेसहाशेहून अधिक सैनिक आणि तोफा घेऊन तिथे पोचले. ब्लॅक केटल यांनी तंबूवर अमेरिकेचा झेंडा आणि त्याखाली पांढरं निशाण लावलं होतं. २३० च्या आसपास माणसं मारली गेली, त्यात बहुतेक स्त्रिया, मुलं आणि म्हातारे. कॅम्प वेल्डला आलेले व्हाइट अँटिलोप त्यात होते. प्रेतांची विटंबना झाली. कॅप्टन सायलस सोल आणि लेफ्टनंट जोसेफ क्रेमर यांनी आपल्या माणसांना गोळी झाडू दिली नाही आणि काय घडलं ते पत्रांतून कळवलं. साक्ष दिल्यानंतर काही आठवड्यांतच, एप्रिल १८६५ मध्ये, सोल यांची डेन्व्हरच्या रस्त्यात गोळ्या घालून हत्या झाली.

चिव्हिंग्टन यांनी चार-पाचशे योद्धे मारल्याची बढाई मारली आणि डेन्व्हरने पलटणीचं जंगी स्वागत केलं. पत्रं पूर्वेला पोचली तेव्हा सूर पालटला.

चौकशी

तीन चौकशा झाल्या. इव्हान्स यांच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली ती काँग्रेसच्या युद्ध-संचालन समितीची. मार्च १८६५ मध्ये त्यांची वॉशिंग्टनला साक्ष झाली. या लोकांनी नेमकं काय केलं होतं, ते सरकारच्या संरक्षणाखाली होते की नाही, यावर सरळ उत्तर देण्याऐवजी ते इतर टोळ्यांच्या जुन्या हल्ल्यांकडे वळत राहिले. समितीने लिहिलं, की चार वर्षांच्या चौकश्यांत इतकी टाळाटाळ आणि बनवाबनवी दुसऱ्या कुठल्याच साक्षीदाराने केली नव्हती. चिव्हिंग्टन यांनी तोवर फौज सोडलेली असल्याने त्यांच्यावर कोर्टमार्शल होऊ शकलं नाही. कत्तलीची किंमत ज्याला पद गमावून मोजावी लागली असा मोठा माणूस एकच, आणि तो तिथे नव्हता.

जुलैमध्ये परराष्ट्रमंत्री सिवर्ड यांनी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या वतीने राजीनामा मागितला. इव्हान्स यांनी १ ऑगस्टला तो दिला. त्याच महिन्यात त्यांनी लांबलचक जाहीर उत्तर लिहिलं: फौज माझ्या हुकुमाखाली नव्हती, मी गैरहजर होतो, समितीने पुरावा नीट पाहिला नाही. यातले पहिले दोन मुद्दे खरे आहेत. तिसरी रेजिमेंट केंद्राच्या फौजेचा भाग होती आणि चिव्हिंग्टन कर्टिस यांना जबाबदार होते. पण त्या संपूर्ण उत्तरात मेलेल्या माणसांबद्दल सुपरिंटेंडेंट म्हणून काही वाटल्याचं दिसत नाही.

नंतरची तीस वर्षं

सरहद्दीवर अशी बदनामी फारशी आड येत नसे. १८६५ मध्येच राज्यवादी गटाने इव्हान्स यांना सिनेटर म्हणून निवडलं, पण जॉन्सन यांनी कोलोरॅडोच्या राज्याचं विधेयक दोनदा नाकारल्याने ते पद हाती आलंच नाही. राज्य झालं १८७६ मध्ये. तोवर इव्हान्स रेल्वेकडे वळले होते. युनियन पॅसिफिकने डेन्व्हरला वगळून वायोमिंगमधल्या शायेन गावातून मार्ग काढला तेव्हा शहर संपणार असं लोक म्हणू लागले. (ज्या लोकांना हुसकावलं त्यांचंच नाव त्या स्टेशनाला.) इव्हान्स यांनी डेन्व्हर पॅसिफिकचं अध्यक्षपद घेतलं, पैसा उभा केला, आणि जून १८७० मध्ये १०६ मैलांचा लोहमार्ग डेन्व्हरला आला. आज डेन्व्हर शहर आहे त्यात या माणसाचा वाटा मोठा आहे, हे त्यांच्या टीकाकारांनाही नाकारता येत नाही. १८९५ मध्ये विधिमंडळाने एका पर्वताला त्यांचं नाव दिलं. १८९७ मध्ये डेन्व्हरलाच त्यांचं निधन झालं.

१८८४ मध्ये एका इतिहासकाराच्या टिपणांसाठी त्यांची मुलाखत घेतली गेली. वीस वर्षं उलटली होती, राजकारणात गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिथे ते म्हणाले, की ज्याला लोक कत्तल म्हणतात तिचा कोलोरॅडोला फार फायदा झाला. मैदानं इंडियनांपासून मोकळी झाली. गव्हर्नर म्हणून त्यांचा हिशोब जुळला होता. दुसऱ्या पदाचा हिशोब त्यांनी उघडलाच नाही.

दोन अहवाल

२०१४ मध्ये, कत्तलीला दीडशे वर्षं होत असताना, इव्हान्स यांनी उभारायला मदत केलेल्या दोन्ही विद्यापीठांनी आपापल्या समित्यांकडून अहवाल मागवले. नॉर्थवेस्टर्नच्या समितीने म्हटलं: त्यांनी कत्तलीची आखणी केली नाही, त्यांना ती आधी माहीतही नव्हती, पण ती घडू शकेल अशी परिस्थिती ज्यांनी निर्माण केली त्या अनेकांपैकी ते एक होते. डेन्व्हरच्या समितीने जास्त कडक निष्कर्ष काढला: सुपरिंटेंडेंट म्हणून त्यांचं जे कर्तव्य होतं ते पाहता त्यांचा दोष चिव्हिंग्टन यांच्या दोषाइतकाच मोठा मानावा लागेल.

कागद दोघांसमोर तेच होते. नॉर्थवेस्टर्नने कत्तल कुणी केली हे विचारलं, डेन्व्हरने ती थांबवणं कुणाचं काम होतं हे विचारलं. मी डेन्व्हरकडे झुकतो, पण ‘चिव्हिंग्टन यांच्याइतकाच’ हे माप मला पटत नाही. तोफा डागायला लावणारा माणूस आणि दार बंद करून निघून जाणारा माणूस यांना एका तराजूत घातलं की दुसऱ्याचा गुन्हा उलट अस्पष्ट होतो. त्याचा गुन्हा वेगळ्या जातीचा आहे आणि कचेऱ्यांमध्ये तो जास्त वेळा घडतो.

त्याच वर्षी कोलोरॅडोच्या गव्हर्नरांनी माफी मागितली. ऑगस्ट १८६४ ची ती मुभा कागदोपत्री तशीच राहिली होती. २०२१ मध्ये इव्हान्स यांचे दोन्ही जाहीरनामे रद्द करण्यात आले. सप्टेंबर २०२३ मध्ये माउंट इव्हान्सचं नाव माउंट ब्लू स्काय झालं. नॉर्दर्न शायेन लोकांना तेही नाव रुचलेलं नव्हतं, कारण त्यांच्या विधींत ते पवित्र आहे.

भरपाईचा प्रश्न मात्र जागच्या जागी आहे. ऑक्टोबर १८६५ च्या लिटल आर्कान्सा तहात अमेरिकन सरकारने सँड क्रीकच्या अत्याचारांचा लेखी निषेध केला आणि वाचलेल्यांना व मेलेल्यांच्या वारसांना जमीन आणि भरपाई देण्याचं मान्य केलं. त्यातलं बहुतेक कधीच दिलं गेलं नाही. वंशजांनी त्यासाठी २०१३ मध्ये केंद्र सरकारवर दावा लावला. सरकारच्या संमतीशिवाय त्याच्यावर असा दावा चालत नाही, असं सांगून २०१५ मध्ये अपील न्यायालयानेही तो फेटाळला.